खर्जातली माणसं

लीलंड स्क्लार यांच्या बेस गिटारवर एक छोटासा खटका आहे. आतून त्याला एकही वायर जोडलेली नाही. जेम्स टेलर, जॅक्सन ब्राउन, लिंडा रॉनस्टॅट, फिल कॉलिन्स अशा कितीतरी गायकांना साथ केलेल्या या अमेरिकी बेसवादकाने तो मुद्दाम बसवून घेतला. ध्वनिमुद्रण चालू असताना काचेपलीकडचा निर्माता जरा वेगळा आवाज मागतो. स्क्लार त्याला दिसेल अशा बेताने खटका दाबतात, उजवा हात दोन बोटे पुढे किंवा मागे घेतात आणि तोच तुकडा पुन्हा वाजवतात. निर्माता खूश होतो, काम पुढे सरकते.

आवाज खरोखरच बदललेला असतो, पण तो हाताने बदललेला असतो. तार ब्रिजजवळ छेडली की स्वर कडक आणि टोकदार येतो, मानेच्या बाजूला छेडली की गोल आणि मऊ. वाद्याच्या त्याच जागेवर एका बोटाच्या मांसल भागाने आणि दुसऱ्याच्या टोकाने छेडले, तरी फरक कळतो. स्क्लार यांनी ही युक्ती कधी लपवून ठेवली नाही. मुलाखतींत ते ती मोकळेपणाने सांगत आले आहेत. आपल्या बेसच्या मानेवर मॅन्डोलिनच्या बारीक फ्रेट, म्हणजे धातूच्या आडव्या पट्ट्या, का लावून घेतल्या, हेही ते तितक्याच आनंदाने सांगतात. बेस वाजवणारा दुसऱ्या बेस वाजवणाऱ्याला भेटला की असेच होते. तारा कुठल्या, किती जाड, किती जुन्या, अंगठा कुठे टेकवतोस, पट्टा किती रुंद, असे प्रश्न सुरू होतात आणि तासभर संपत नाहीत.

हे बोलणे वरवरचे नाही. बेस गिटार या वाद्याचे शिक्षण मुख्यतः अशाच बोलण्यातून झाले आहे. व्हायोलिनला किंवा सतारीला शतकांची परंपरा आहे, घराणी आहेत, पिढ्यांनी घासूनपुसून घेतलेला रियाज आहे. बेस गिटार हातात आली तेव्हा तिच्यापाशी यातले काहीच नव्हते. कॅलिफोर्नियातल्या फुलरटन गावी रेडिओ दुरुस्तीचे दुकान चालवणाऱ्या लिओ फेंडर यांनी १९५१ मध्ये प्रिसिजन बेस बाजारात आणली. फेंडर यांना स्वतःला गिटार वाजवता येत नव्हती. त्यांच्या आधी, १९३० च्या दशकात, सिॲटलचे पॉल टुटमार्क यांनी ऑडिओव्हॉक्स नावाची फ्रेटची इलेक्ट्रिक बेस बनवली होती, पण ती फार पसरली नाही. फेंडर यांचे वाद्य पसरले, कारण त्याने एक अगदी रोजची अडचण सोडवली. माणसाएवढा उंच डबल बेस गाडीच्या टपावर बांधून गावोगाव न्यायचा आणि ब्रास वाजू लागला की त्याचा आवाज कुणालाच ऐकू जायचा नाही. नवे वाद्य खांद्याला अडकवता येत होते, ॲम्पला जोडता येत होते आणि फ्रेटमुळे स्वर नेमका लागत होता. तारेची लांबी ३४ इंच ठेवली होती. आजही बहुतेक बेस तेवढ्याच लांबीच्या असतात.

पण ती वाजवायची कशी? अंगठ्याने की बोटांनी, पिकने की तळव्याने? उभी धरायची, आडवी धरायची, की मांडीवर? उत्तर कुणालाच माहीत नव्हते. लायोनेल हॅम्प्टन यांच्या वाद्यवृंदात डबल बेस वाजवणारे माँक मॉन्टगोमेरी यांच्या हाती १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला ही फेंडर आली, तेव्हा आपण काय करतो आहोत हे विचारायला त्यांना गुरू नव्हता. त्यांनी स्वतःच शोधले. मग त्यांना पाहून इतरांनी शोधले, आणि त्या इतरांना पाहून आणखी कुणी. त्यानंतरच्या सत्तर-पंचाहत्तर वर्षांत या वाद्याचे शास्त्र असेच घडत आले.

आणखी एक कारण ध्वनीतच आहे. चार तारांच्या बेसची सर्वांत जाड तार मोकळी छेडली की सेकंदाला सुमारे ४१ कंपने होतात. त्या स्वराची एक लहर हवेत आठ मीटरहून लांब असते, म्हणजे मध्यमवर्गीय घराच्या दिवाणखान्यात ती पुरती मावतही नाही. मोबाइलच्या स्पीकरमधून तो मूळ स्वर बाहेरच पडत नाही. त्याच्या दुपटी-तिपटीचे उपस्वर ऐकू येतात आणि खालचा स्वर कान स्वतः पुरवून घेतो. म्हणून गाणे हजारदा ऐकलेल्या माणसालाही त्यात बेस काय वाजते आहे हे सांगता येत नाही. ॲम्प खोलीच्या कोपऱ्यात ठेवला तर खर्ज फुगतो, मधोमध ठेवला तर आटतो. घरी घोटून बसवलेला आवाज सभागृहात गेला की पार बदलतो. अशा वाद्याबद्दल दुसऱ्याच्या कानांना विचारल्याशिवाय गत्यंतर नसते. समोर उभा राहून ऐकणारा दुसरा बेसवादक सांगतो, तुझा अमुक स्वर गुंजतोय, तमुक हरवतोय. वाजवणाऱ्याला ते स्वतःहून कळत नाही.

आता तारांकडे येऊ. बेसवादकांच्या गप्पांचा निम्मा वेळ तारा खातात, आणि बाहेरच्या माणसाला ते खुळ वाटते. ते खुळ नाही, हे कळायला द हू या ब्रिटिश बँडचे जॉन एन्टविसल यांची १९६५ ची गोष्ट पुरेशी आहे. ‘माय जनरेशन’ या गाण्यात त्यांना बेसचा स्वतंत्र तुकडा वाजवायचा होता. त्यासाठी हवा असलेला झणझणीत आवाज डॅनइलेक्ट्रो बेसच्या पातळ तारांतूनच निघत होता, पण त्या तुटत होत्या आणि सुट्या तारा इंग्लंडात मिळत नव्हत्या. एन्टविसल तार तुटली की नवी बेस विकत घेत. शेवटी त्यांनी तो तुकडा फेंडरवर मुद्रित केला. पुढच्याच वर्षी ते रोटोसाउंड या तारा बनवणाऱ्या कंपनीकडे गेले आणि तिथल्या कारागिरांबरोबर बसून गोल वेढ्याच्या स्टीलच्या तारा आपल्या बेसवर जुळवून घेतल्या. त्या तारा बाजारात आल्या आणि रॉक संगीतातल्या बेसचा आवाजच बदलला. एका वादकाची तक्रार एका कारखान्याने मनापासून ऐकली आणि तिचा लाभ जगभरच्या वादकांना झाला.

याच्या अगदी उलट टोकाला जेम्स जेमरसन. जेमरसन यांच्याविषयी दोन ओळींत लिहून पुढे जाणे हा अपराध होईल.

१९३६ मध्ये साउथ कॅरोलिनात जन्मलेला हा माणूस कुमारवयात डेट्रॉइटला आला आणि शाळेत डबल बेस शिकला. १९६० च्या दशकात मोटाउन कंपनीच्या वेस्ट ग्रँड बुलेव्हार्डवरच्या छोट्या घरवजा स्टुडिओत त्याने जी गाणी वाजवली, ती आजही जगातल्या प्रत्येक लग्नसमारंभात कुठे ना कुठे वाजत असतात. द सुप्रीम्स, द टेम्प्टेशन्स, फोर टॉप्स, स्टीव्ही वंडर, मार्विन गे: गायक बदलत, खालचा हात तोच. त्याच्याकडे १९६२ ची प्रिसिजन बेस होती. तिच्यावर ला बेला कंपनीच्या सपाट वेढ्याच्या, जाडजूड तारा होत्या आणि तार तुटल्याशिवाय तो ती बदलत नसे. ब्रिजवरच्या झाकणाखाली फोमचा तुकडा होता, त्यामुळे स्वर लांबत नसे, टपोरा थेंब पडावा तसा पडे. तारा फळीपासून इतक्या उंच होत्या की दुसऱ्या कुणाला त्या दाबणे जड जाई. आणि उजव्या हाताचे फक्त एक बोट, तर्जनी. डबल बेसवर कमावलेले ते बोट सहकाऱ्यांमध्ये ‘द हुक’ म्हणून प्रसिद्ध होते.

इतके सगळे करून तबकड्यांच्या वेष्टनांवर त्याचे नाव नसे. मोटाउन आपल्या वादकांची नावे छापतच नसे. १९७१ च्या मार्विन गे यांच्या ‘व्हॉट्स गोइंग ऑन’ या अल्बमवर ती पहिल्यांदा नीट आली. तोपर्यंत जगभरचे बेसवादक एका निनावी माणसाची नक्कल करत होते. पॉल मॅकार्टनी यांनी पुढे आपल्यावरच्या प्रभावांत जेमरसनचे नाव आवर्जून घेतले, पण ऐकत होते तेव्हा त्यांनाही ते ठाऊक नव्हते. १९८३ मध्ये जेमरसन गेला. जाण्याच्या थोडे आधी त्याची ती बेसही चोरीला गेली, ती आजवर सापडलेली नाही.

यानंतर जे घडले ते बेसवादकांच्या आपसातल्या प्रेमाचे सर्वांत मोठे उदाहरण म्हणायला हवे. ॲलन स्लट्स्की नावाच्या फिलाडेल्फियातल्या गिटारवादकाने जेमरसनच्या घरच्यांना आणि सहकाऱ्यांना गाठले, त्याच्या ओळी कान लावून स्वरलिपीत उतरवल्या आणि १९८९ मध्ये ‘स्टँडिंग इन द शॅडोज ऑफ मोटाउन’ हे पुस्तक प्रसिद्ध केले. सोबतच्या ध्वनिमुद्रणांत जॉन एन्टविसल, चक रेनी, मार्कस मिलर, पिनो पॅलाडिनो असे मातब्बर बेसवादक एकेक ओळ घेऊन वाजवतात. कोटीच्या घरात तबकड्या खपलेली माणसे विद्यार्थ्यासारखी दुसऱ्याचा पाठ म्हणत होती. २००२ मध्ये याच नावाचा माहितीपट आला आणि वेष्टनावर नाव नसलेल्या त्या वादकांच्या ताफ्याला, फंक ब्रदर्सना, पडदा मिळाला.

नाव नसण्याचे दुःख कॅरोल के यांनाही ठाऊक होते. लॉस एंजेलिसच्या स्टुडिओंत गिटार वाजवणाऱ्या या बाईंच्या हाती १९६३ मध्ये एका ध्वनिमुद्रणाला बेसवादक आलाच नाही म्हणून बेस आली. मग बीच बॉइजपासून ग्लेन कॅम्बेलपर्यंत त्या काळातल्या असंख्य गाण्यांत त्यांचा हात ऐकू येतो. सनी आणि शेर यांच्या ‘द बीट गोज ऑन’ची ओळखीची बेस ओळ त्यांनीच तिथल्या तिथे सुचवली. त्या पिकने वाजवत आणि ब्रिजपाशी तारांवर फेल्टचा तुकडा ठेवत. म्हणजे जेमरसनचा फोम डेट्रॉइटला आणि के यांचा फेल्ट कॅलिफोर्नियात. दोन हजार मैलांवरच्या दोन वादकांनी स्वर आखूड करण्याची गरज स्वतंत्रपणे ओळखली. पण के यांचे खरे मोठेपण पुढचे आहे. १९६९ मध्ये त्यांनी ‘हाऊ टू प्ले द इलेक्ट्रिक बेस’ हे शिकवणीचे पुस्तक काढले. स्टुडिओतली कमाई उत्तम चाललेली असताना आपला धंदा दुसऱ्याला शिकवणारे पुस्तक लिहायला मन मोठे लागते. त्यानंतर दशकानुदशके त्या शिकवत राहिल्या. आज सहज वाटणारे कितीतरी धडे पहिल्यांदा त्यांच्या वहीत उतरले.

सल्ला नेहमी एकमताचा असतो असे मात्र नाही. डाव्या हाताची बोटे कशी ठेवावीत यावर बेसवादकांत दोन तट आहेत आणि त्यांतल्या एकाचे मूळ थेट एकोणिसाव्या शतकातल्या व्हिएन्नात आहे. डबल बेसचे शिक्षक फ्रान्झ सिमांडल यांच्या पद्धतीत खालच्या पट्टीत पहिले, दुसरे आणि चौथे बोट वापरायचे, तिसरे चौथ्याला आधार देते. गिटारकडून आलेले वादक प्रत्येक फ्रेटला एक बोट ठेवतात. खालच्या टोकाला फ्रेटमधले अंतर इतके रुंद असते की लहान हाताला ही दुसरी पद्धत मनगट ओढायला लावते. दुखरे मनगट घेऊन वर्षानुवर्षे वाजवणारे वादक प्रत्येक शहरात भेटतात. प्रस्तुत लेखकाचे मत सिमांडलच्या बाजूने आहे: निदान पाचव्या फ्रेटपर्यंत तरी जुनी पद्धत हाताला जपते. वर गेल्यावर खुशाल चार बोटे वापरावीत.

उजव्या हाताची कथा अधिक रंगतदार. सॅन फ्रान्सिस्कोच्या परिसरात लॅरी ग्रॅहम हा तरुण आपल्या आईच्या छोट्या वाद्यवृंदात साथ करत असे. ऑर्गन बिघडला म्हणून त्याने बेस भाड्याने आणली. पुढे ड्रमरही सुटला. मग किक ड्रमची जागा भरायला त्याने अंगठ्याने तार ठोकली आणि स्नेअरसाठी बोटाने तार ओढून सोडली. हीच पुढे स्लॅप म्हणून जगभर पसरलेली पद्धत. स्लाय अँड द फॅमिली स्टोनच्या १९६९ च्या ‘थँक यू’मध्ये ती खणखणीत ऐकू येते. आज स्लॅप शिकणारा मुलगा पहिल्याच आठवड्यात वेगाच्या मागे लागतो, तेव्हा अनुभवी माणसे त्याला ही गोष्ट सांगतात, कारण तिच्यात पद्धतीचा हेतू आहे. तो हेतू ठेका भरण्याचा होता. अंगठा ताकदीने नव्हे, मनगटाच्या झटक्याने पडायला हवा आणि लगेच उठायला हवा. दोन ठोक्यांमधली शांतता मोजता आली की वेग आपोआप येतो.

फ्रेट काढून टाकण्याची हौसही अशीच अडचणीतून जन्मली. रोलिंग स्टोन्सचे बिल वायमन यांनी १९६१ मध्ये घेतलेल्या स्वस्त बेसच्या फ्रेट खडखडत होत्या. नव्या घालण्याच्या इराद्याने त्यांनी त्या उपटल्या, आणि तसाच आवाज आवडला म्हणून पुन्हा घातल्याच नाहीत. पंधरा वर्षांनी जॅको पास्टोरियस याने १९६२ च्या फेंडर जॅझ बेसवर याच वाटेने जाऊन वाद्याचा कायापालट केला. गोल वेढ्याच्या तारा उघड्या लाकडी फळीला खरवडतात, म्हणून त्याने फळीवर होड्यांना लावतात ते इपॉक्सी चढवले. १९७६ च्या त्याच्या पहिल्या अल्बममधला ‘पोर्ट्रेट ऑफ ट्रेसी’ हा तुकडा जवळजवळ पूर्ण हार्मॉनिक्सवर उभा आहे. आपल्याकडच्या कानाला फ्रेटलेस बेस पटकन जवळची वाटते, कारण तिच्यावर मींड घेता येते आणि श्रुतींच्या मधल्या जागा मिळतात. त्याची किंमतही मोजावी लागते. बोट केसभर इकडेतिकडे झाले तर बेसूरपणा लपत नाही. जॅकोचे बेसूर न होणे हा त्याच्या वेगापेक्षा मोठा पराक्रम होता.

खालच्या स्वराचे असे वेड परकीय नाही. उस्ताद झिया मोहिउद्दीन डागर यांनी रुद्रवीणेचा खर्ज अधिक भरदार व्हावा म्हणून वीणा मोठी करून घेतली, तिचे भोपळे वाढवले आणि पनवेलजवळ पळस्पे इथल्या आपल्या गुरुकुलात शिष्यांना त्या संथ, खोल आलापाची दीक्षा दिली. वाद्याचे माप, तारांची जाडी आणि हाताची जागा यांवरची त्यांची चिकित्सा बेसवादकांच्या चिकित्सेपेक्षा वेगळी नव्हती.

मुंबईत बेस आली ती बरीचशी गोव्याच्या वाटेने. चर्चच्या पॅरिश शाळांत स्टाफ नोटेशन शिकलेले गोमंतकीय वादक हॉटेलांच्या बँडमध्ये आणि तिथून सिनेमाच्या वाद्यवृंदात गेले. समोर कागद ठेवला की तो वाचून लगेच वाजवणारी ही माणसे नसती तर हिंदी चित्रपटसंगीताचा वाद्यमेळ उभाच राहिला नसता. संयोजक म्हणून सेबॅस्टियन डिसूझा आणि अँथनी गोन्साल्विस यांची नावे आता बऱ्यापैकी परिचित आहेत. राहुल देव बर्मन यांच्या ताफ्यातले बेसवादक टोनी वाझ यांचे नाव मात्र संगीताच्या चोखंदळ रसिकांनाच ठाऊक असते, आणि बर्मन यांच्या गाण्यांतला बेस ओळखू लागल्यावर हा अन्याय टोचतो. तबकडीवर संगीतकार, गीतकार आणि गायक. वादक कुठेच नाहीत. डेट्रॉइट आणि मुंबई यांची परिस्थिती या बाबतीत सारखीच होती.

त्या काळात चांगली बेस मिळवणे हेच मोठे काम होते. परदेशातून येणाऱ्या नातेवाइकाला, जहाजावरच्या मित्राला तारा आणायला सांगायच्या. धोबी तलावचे फुर्टाडोज हे १८६५ पासूनचे दुकान वादकांचा ठरलेला अड्डा. नव्या तारांचा संच सहज परवडत नसे, म्हणून जुन्या तारा उकळत्या पाण्यात टाकून वेढ्यांत अडकलेला घाम आणि मळ काढायचा, पुसून कोरड्या करायच्या आणि पुन्हा चढवायच्या. ही युक्ती जगभरच्या गरजू बेसवादकांना ठाऊक आहे. काही दिवस आवाज पुन्हा उजळतो, मग मावळतो.

आपल्या हवेचा एक खास धडा आहे, जो परदेशी पुस्तकांत सापडत नाही. जून लागला की कोकणपट्टीत लाकूड ओल धरते, मान वाकते, तारांची उंची बदलते आणि काल नीट वाजणारी बेस आज खडखडू लागते. मानेच्या आत एक लोखंडी सळई असते, ती पान्याने थोडी आवळून किंवा सैल करून मान सरळ करता येते. जाणती माणसे सांगतात, एका वेळी पाव फेऱ्याहून जास्त नको, मग वाद्य रात्रभर तसेच ठेवायचे आणि सकाळी पाहायचे. घाईने सळई पिळून मान कायमची बिघडवलेल्या बेस दुरुस्ती करणाऱ्यांकडे नेहमी येत असतात. मुंबई-पुण्याच्या प्रत्येक नव्या बेसवादकाने पहिल्या पावसाळ्याआधी हे कुणा जुन्या माणसाकडून समजून घ्यावे, असे कळकळीने सांगावेसे वाटते.

मुंबईतली सर्वांत लखलखीत कहाणी मोहिनी डे हिची. १९९६ मध्ये मुंबईत जन्मलेल्या मोहिनीच्या हाती वडील सुजॉय डे यांनी तिसऱ्या वर्षीच बेस दिली. ते स्वतः बेसवादक. घरातला रियाज कडक होता, हे ती मुलाखतींत सांगते. पुढे रणजित बारोट यांचे मार्गदर्शन मिळाले, झाकीर हुसेन, ए. आर. रहमान, स्टीव्ह वाय यांच्याबरोबर तिने वाजवले आणि २०२३ मध्ये स्वतःच्या नावाचा अल्बम काढला. दक्षिणेतल्या कोन्नकोलचे तालाचे बोल ती तोंडाने म्हणते आणि तेच बेसवर काढते. हा वारसा एकट्या तिचा नाही. गायिका शोभा गुर्टू यांचे पुत्र, तालवादक त्रिलोक गुर्टू मुंबईतून निघून जॉन मॅक्लॉफ्लिन यांच्या त्रयीत पोचले. १९८९ मध्ये लंडनच्या रॉयल फेस्टिव्हल हॉलमध्ये मुद्रित झालेल्या त्यांच्या मैफलीत काय एकहार्ट यांच्या बेसवर भारतीय लयकारी उतरलेली स्पष्ट ऐकू येते. तबल्याच्या तिहाईबरोबर समेवर येणे ज्याला जमले, त्या बेसवादकाचा हात पुन्हा साधा राहत नाही.

वडीलधाऱ्यांनी धाकट्यांना हाताशी धरण्याची रीत डबल बेसवाल्यांत आधीपासून होती. कॅब कॅलोवेच्या वाद्यवृंदातले मिल्ट हिंटन नव्या मुलांना घरी बोलावत, शिकवत, कामे मिळवून देत. रे ब्राउन यांनी जॉन क्लेटनला किशोरवयात शिष्य केले. पुढे ख्रिश्चन मॅकब्राइडलाही सोबत घेऊन १९९० च्या दशकात हे तिघे ‘सुपरबेस’ या नावाने एकाच मंचावर तीन डबल बेस वाजवू लागले. गॅरी कार यांनी १९६७ मध्ये स्थापन केलेली बेसवादकांची आंतरराष्ट्रीय संस्था आजही अधिवेशने भरवते. इलेक्ट्रिक बेसवाल्यांत ही परंपरा व्हिक्टर वूटन यांनी चालवली. त्यांनी २००० मध्ये टेनेसीत बेस आणि निसर्ग यांचे एकत्र शिबिर सुरू केले. तिथे बोटांच्या व्यायामाबरोबर जंगलात पायांचे माग ओळखायलाही शिकवतात. कान आणि लक्ष ही दोन्हींची मूळ गरज आहे, हा वूटन यांचा विचार ज्यांनी त्यांना वाजवताना ऐकले आहे त्यांना पटतो.

वाद्यांवरचे प्रेम किती दूर जाते याचा पुरावा अलीकडेच मिळाला. मॅकार्टनी यांनी १९६१ मध्ये हॅम्बुर्गला घेतलेली व्हायोलिनच्या आकाराची हॉफनर बेस १९७२ मध्ये लंडनच्या नॉटिंग हिलमध्ये गाडीतून चोरीला गेली होती. हॉफनर कंपनीत पूर्वी काम केलेले एक तज्ज्ञ आणि एक पत्रकार दांपत्य यांनी शोध हाती घेऊन लोकांना आवाहन केले. माहितीचे धागे जुळत गेले आणि एका घराच्या पोटमाळ्यावरून ती बेस मूळ मालकाकडे परतल्याचे फेब्रुवारी २०२४ मध्ये जाहीर झाले. जॅकोची इपॉक्सी लावलेली बेसही १९८६ मध्ये न्यूयॉर्कमध्ये नाहीशी झाली होती. दोन दशकांनी ती वर आली तेव्हा मेटॅलिकाचे रॉबर्ट ट्रुहियो यांनी ती त्याच्या कुटुंबाकडे परतावी म्हणून मदत केली. जॅको आणि मेटॅलिका यांचे संगीत दोन ध्रुवांवरचे, पण बेसवाल्याला बेसवाल्याची वस्तू परत मिळायला हवी होती.

साहित्याच्या या वेडाला एक मर्यादा घालायला हवी. पाचवी तार सेकंदाला सुमारे ३१ कंपनांपर्यंत नेते. ती प्रत्येकाला लागत नाही, आणि लागली तरी छोट्या ॲम्पमधून तिचा नुसता धूर निघतो. पहिली बेस वापरलेली घेतली तरी चालते, मात्र घेतल्यावर जाणकाराकडून तिची जुळणी करून घ्यावी, रुंद चामडी पट्टा घ्यावा कारण चार-पाच किलो वजन खांद्यावर दोन तास असते, आणि उरलेले पैसे शिकवणीला ठेवावेत. मेट्रोनोम फक्त दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवर लावून वाजवण्याचा सल्ला जवळजवळ प्रत्येक अनुभवी वादक देतो. पहिले काही आठवडे तो छळतो, मग त्याशिवाय करमत नाही.

पुढची पाने उघडण्याआधी वाचकाने हेडफोन लावून पॉल सायमन यांचे १९८६ चे ‘यू कॅन कॉल मी अल’ ऐकावे. शेवटाकडे सगळी वाद्ये थांबतात आणि सोवेटोचे बकिथी कुमालो फ्रेटलेस बेसवर एक झरझर उतरणारा तुकडा वाजवतात. तुकडा लहान, पण आजवर हजारो वादकांनी तो बसवायचा प्रयत्न केला आहे. कुमालो यांनी प्रत्यक्षात त्याचा पहिलाच भाग वाजवला होता. दुसरा भाग म्हणजे तीच फीत स्टुडिओत उलटी फिरवून जोडलेली. म्हणजे जे हाताने कधी वाजलेच नव्हते ते लोकांना हाताने वाजवायचे होते. मग कुणी कुठल्या तारेवर कुठले बोट ठेवले, कुठे अंगठा आणि कुठे ओढ, याच्या खाणाखुणा एकाकडून दुसऱ्याकडे जाऊ लागल्या, आणि आता तो उलटा भाग मंचावर सरळ वाजवणारे वादक केपटाउनपासून कांदिवलीपर्यंत भेटतात.